लेखणीवर चाललेला संसार

वऱ्हाडातल्या कादंबरीकारांचा विषय निघाला म्हणजे उद्धव शेळके ह्यांचे नाव येते, आणि त्यांचे नाव निघाले म्हणजे 'धग' ह्या एकाच कादंबरीचे नाव येते. तेथे बोलणे थांबते. १९६० साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक मराठीतल्या उत्तम कादंबऱ्यांत गणले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु शेळके ह्यांनी एकच कादंबरी लिहिली नाही. त्यांच्या कादंबऱ्यांची संख्या शंभराच्या वर जाते. एक पुस्तक साहित्याच्या इतिहासात गेले. बाकीची आपल्यासारख्या घरांत, पोळपाटाशेजारी, उशीखाली आणि एस.टी.च्या प्रवासात वाचली गेली, आणि वाचून झाल्यावर वाचनालयाला परत गेली. त्यांचा हिशेब कोणी मांडीत नाही. मंडळाच्या ह्या स्मरणिकेत तो थोडा मांडावा असे मला वाटले, कारण ह्या हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला आपणच आहोत.

शेळके ह्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९३१ रोजी हिंगणघाटला झाला. हिंगणघाट वर्धा जिल्ह्यात येते. कागदावर ते वऱ्हाडात नव्हे, पण कापूस, ऊन आणि बोली ह्यांनी ते आपल्याला जवळचे. (कुष्ठरोग्यांसाठी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणारे बाबा आमटे ह्यांचा जन्मही १९१४ साली हिंगणघाटचाच. ह्या योगायोगाचे थोडे पुढे बोलू.) शेळके ह्यांचे पुढचे आयुष्य अमरावतीशी जोडले गेले आणि ३ एप्रिल १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. म्हणजे साठ वर्षे आणि काही महिने एवढे आयुष्य. लेखन हाच त्यांनी पोटाचा धंदा केला. प्राध्यापकी, वकिली किंवा सरकारी नोकरी सांभाळून फावल्या वेळी लिहिणारे लेखक मराठीत पुष्कळ झाले. संसाराचा सारा भार लेखणीवर टाकणारे फार थोडे, आणि मुंबई-पुण्यापासून इतक्या दूर राहून तसे करणारे तर बोटांवर मोजण्याइतकेही सापडणार नाहीत.

आधी 'धग' विषयी सांगितले पाहिजे, कारण ज्यांनी ती वाचलेली नाही अशा तरुण सभासद आता मंडळात पुष्कळ आहेत. गेल्या दशकात 'धग' ह्याच नावाचा एक चित्रपट गाजला. शिवाजी लोटन पाटील ह्यांना दिग्दर्शनाचा आणि उषा जाधव ह्यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याने मिळवून दिला. त्याची कथा वेगळी. स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबाची. शेळके ह्यांच्या कादंबरीशी तिचा संबंध नाही. नावावरून पुष्कळांचा घोटाळा होतो म्हणून सांगितले.

कादंबरीतली 'धग' आहे कौतिकची. कौतिक म्हणजे कौतुक. नावात जे आहे ते तिच्या वाट्याला कधी आले नाही. नवरा महादेव शिंपी, पण अंगात आळस आणि मनात उभारी नाही. घर ओढायचे ते तिने. मुलाने शिकावे, लोकांच्या दारी जाण्याची वेळ येऊ नये, चार माणसांत आपले घर उभे राहावे, एवढेच तिचे स्वप्न. त्यासाठी ती राबते, भांडते, दुसऱ्याच्या शेतात जाते, नवऱ्याला टोचून बोलते आणि त्यालाच जपते. पुढे महादेवला महारोग होतो. घराची एकेक बाजू ढासळत जाते आणि अखेर कौतिकचे मनच जागेवर राहत नाही. एवढी दुःखाची गोष्ट असूनही लेखकाने तिच्याकरिता कोठे हुंदका काढलेला नाही. तो बाजूला उभा राहतो आणि तिला बोलू देतो.

आणि ती बोलते वऱ्हाडीत. ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. वऱ्हाडी म्हणजे नाटकात नोकराच्या तोंडी घालायची, लोकांना हसवायची भाषा, असा त्या काळी समज होता; आणि आपल्यापैकी कित्येकींनी शाळेत 'मले' आणि 'तुले' म्हटल्याबद्दल बाईंचे बोलणे ऐकलेले आहे. शेळके ह्यांनी त्याच 'मले-तुले'त एका बाईचे सगळे आयुष्य सांगितले, आणि वाचणाऱ्याला हसू आले नाही. वास्तविक मराठी गद्याचा आरंभच आपल्या भागातला. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले ते अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरास; महदंबेसारखी आद्य कवयित्रीही त्याच रिद्धपूरच्या परंपरेतली. माणसे बोलतात तशी लिहिण्याची ती जुनी वाट मधल्या काळात बुजली होती. शेळके ह्यांनी ती मुद्दाम शोधली असे मी म्हणणार नाही. त्यांच्या कानांवर जे पडत होते ते त्यांनी लिहिले. पण वाट तीच.

महारोगाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. ज्या अमरावतीशी शेळके ह्यांचे आयुष्य जोडले गेले, तेथेच डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी १९४६ साली तपोवन उभारले होते. हा रोग झालेल्या माणसाला गावाने बाहेर काढायचे आणि घराने नाव टाकायचे, हे त्या काळी कोणाला नवल वाटत नसे. 'धग' प्रसिद्ध झाली तेव्हा हिंदू विवाहाच्या १९५५ च्या कायद्यात बरा न होणारा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण होते. ते कलम २०१९ साली कायद्यातून निघाले, कारण आज हा रोग औषधाने पूर्ण बरा होतो. कौतिकला ना कायदा माहीत, ना औषध. तिच्या घरात रोग येतो तो रोग म्हणून आणि बदनामी म्हणून, दोन्ही एकदम. हिंगणघाटच्या एका सुपुत्राने ह्या रोग्यांसाठी वसाहत उभारली आणि दुसऱ्याने रोग्याच्या बायकोचे मन लिहिले. पहिल्याचे काम जगाला दिसले. दुसऱ्याचेही काम थोडे नव्हे.

आता ह्या कादंबरीनंतरचा प्रश्न. असे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाने पुढे शंभर रंजक कादंबऱ्या का लिहाव्यात? स्त्रीपुरुषसंबंधांच्या, प्रेमाच्या, फसवणुकीच्या, कधी उघड वासनेच्याही? साहित्यावर बोलणाऱ्या पुष्कळांनी ह्याचे उत्तर एका वाक्यात दिलेले आहे: पैशासाठी. हे उत्तर खोटे नाही. पण 'पैशासाठी' हा शब्द ते ज्या सुरात उच्चारतात तो सूर मला पटत नाही. आपल्यापैकी कोण पैशासाठी काम करीत नाही? जी बाई पापडाची ऑर्डर घेते तिला कोणी विचारीत नाही की, बाई, तू कलेसाठी पापड का लाटीत नाहीस.

त्या काळच्या कादंबरीच्या व्यवहाराकडे थोडे पाहू. एखादी गंभीर कादंबरी निघाली तर हजारभर प्रती छापायच्या आणि त्या खपायला काही वर्षे जायची. लेखकाला टक्केवारीने मिळणारी रक्कम वर्षाकाठी किराण्याच्या एका महिन्याच्या यादीलाही पुरायची नाही. रंजक कादंबरीचा व्यवहार निराळा होता. तेथे प्रकाशक बहुधा एकरकमी मोबदला देऊन हस्तलिखित घेई. पुढे पुस्तकाचे काय होईल त्याच्याशी लेखकाचा संबंध नाही. रक्कम मोठी नसे, पण हातात लगेच पडे. पुस्तक वाचनालयांकडे जाई आणि वाचनालयाला दर महिन्याला नवी पुस्तके लागतच, कारण वाचणारणींना जुनी चालत नसत. अनामत भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची आणि एका वेळी एक पुस्तक न्यायचे, ही पद्धत आपल्या सर्वांच्या ओळखीची. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला आणि लहान गावांतल्या वाचनालयांनाही अनुदानाचा आधार मिळू लागला. तेव्हा पुस्तकाचे खरे गिऱ्हाईक घर नव्हते, वाचनालय होते. आणि वाचनालयाचे गिऱ्हाईक होते घरातली बाई.

ह्यात एक मोठी मेख आहे. एकरकमी व्यवहारात लेखकाला मागे वळून पाहता येत नाही. गेल्या वर्षीच्या पुस्तकाचे ह्या वर्षी काही येत नाही. म्हणून ह्या वर्षी नवे पुस्तक झालेच पाहिजे. शेतकऱ्याला पडीक ठेवलेल्या वावराचे पीक मिळत नाही, तसेच हे. 'धग' १९६० ची आणि निधन १९९२ चे. मध्ये बत्तीस वर्षे. शंभर कादंबऱ्या आणि प्रत्येकीची दीडशे छापील पाने धरली तर पंधरा हजार पाने होतात. भागाकार केला तर रोजचे सव्वा पान येते. दिवाळी नाही, आजारपण नाही, घरातले लग्नकार्य नाही; रोज सव्वा छापील पान, बत्तीस वर्षे. हाताने लिहिलेली पाने त्याहून जास्त आणि फाडून टाकलेली वेगळी. आपण स्वयंपाकाचा असा हिशेब कधी केला तर आपल्यालाही चक्कर येईल. आणि स्वयंपाकाप्रमाणेच ह्या कामाचेही होते: केलेले त्याच दिवशी संपते.

असे लिहिणारे ते एकटे नव्हते. मराठी वाचकाला ही चटक जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स ह्याच्या खुनाच्या आणि कारस्थानाच्या कादंबऱ्या मराठीत रूपांतरे होऊन आल्या आणि बापलोक लपवून ठेवीत, मुले चोरून वाचीत. नाथमाधव ह्यांची 'वीरधवल' आपल्या आजीच्या पिढीने पाठ केली होती. सिंहगडावर कड्यावरून पडून कमरेखालचे अंग लुळे झालेला हा माणूस बिछान्यावर पडून कादंबऱ्या लिही आणि महाराष्ट्र त्या वाची. त्यानंतर आले बाबूराव अर्नाळकर. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६ चा, निधन १९९६ चे. त्यांच्या रहस्यकथा हजाराच्या वर गेल्या. झुंजार, काळापहाड आणि धनंजय ही नावे ऐकली की आजही आपल्या घरातले आजोबा खुर्चीत ताठ होतात. ह्या रहस्यकथा पुरुषांनी आणि पोरांनी मन लावून वाचल्या. बायकांनीही वाचल्याच, पण त्यांच्यासाठी लिहिलेले काही निराळे हवे होते. ते काम प्रेमाच्या आणि संसाराच्या कादंबरीने केले.

बाहेरच्या जगातही हीच तऱ्हा. इंग्लंडातल्या अगाथा ख्रिस्ती बाईंनी ६६ रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. मेरी वेस्टमॅकॉट ह्या दुसऱ्या नावाने सहा भावनाप्रधान कादंबऱ्याही लिहिल्या, म्हणजे रहस्याच्या वाचकाचा गोंधळ होऊ नये. बार्बरा कार्टलंड बाईंनी सातशेंहून अधिक पुस्तके केली. त्या कोचावर पडून सांगत आणि लिहून घ्यायला माणूस असे. अमरावतीच्या लेखकाला असला थाट कोठून असणार? आणि नाव बदलून लिहिण्याची सोयही त्यांनी मोठ्या प्रमाणात घेतलेली दिसत नाही. ज्या नावाने 'धग' लिहिली त्याच नावाने बाकीचीही पुस्तके वाचनालयाच्या फळीवर उभी राहिली. मला ह्यात एक प्रकारचा सरळपणा दिसतो. त्याची किंमतही त्यांनी दिली: रंजक पुस्तके वाचून मत बनविणारा 'धग'कडे वळला नाही, आणि 'धग' वाचून वळलेला नाक मुरडून परत गेला.

शृंगारिक लिहिणाऱ्यांना त्या काळी कोर्टाची पायरीही चढावी लागे. चंद्रकांत काकोडकर हे त्या दिवसांतले दुसरे अतोनात वाचले जाणारे कादंबरीकार. त्यांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून पंचवीस रुपये दंड केला. रक्कम क्षुल्लक, पण कलंक मोठा. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६९ साली निर्दोष सुटले. न्यायमूर्तींनी म्हटले त्याचा मथितार्थ असा की, ही कथा फार वरच्या दर्जाची नसेलही, परंतु ती वाचल्याने कोवळ्या वयाची मुले बिघडतील असे खात्रीने म्हणता येणार नाही. दिल्लीच्या न्यायमूर्तींनी बसून एक मराठी प्रेमकथा इतकी बारकाईने तपासावी, हीच मुळी मौजेची गोष्ट. त्याच १९६९ साली काकोडकरांच्या 'नीलांबरी' ह्या कादंबरीवरून निघालेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट आला आणि देशभर चालला. एकाच वर्षी एका पुस्तकाला कोर्टाने सोडले आणि दुसरे राजेश खन्नाच्या तोंडून घरोघर पोहोचले.

अमरावती-अकोल्याच्या घरांत ही पुस्तके कशी वाचली जात ते आता लिहिले पाहिजे, कारण ते कोणत्याही साहित्याच्या इतिहासात सापडणार नाही. अकोल्याला १८६० सालापासूनचे बाबूजी देशमुख वाचनालय आहे, अमरावतीला नगर वाचनालय आहे. त्याखेरीज गल्लीगल्लीत पुस्तके भाड्याने देणारी लहान दुकाने होती. दुपारी पुरुषमंडळी कामावर, मुले शाळेत, भांडी घासून झालेली, अशा वेळी दीड-दोन तास मिळत. पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले असे. ते पुस्तक जपण्यासाठी किती आणि नाव झाकण्यासाठी किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. सासूबाईंनी विचारले तर 'संताचं चरित्र आहे' असे सांगणाऱ्या सुना होत्या, आणि सुनेच्या उशीखालून तेच पुस्तक काढून वाचणाऱ्या सासवाही होत्या. वाचणारणीचे शिक्षण बहुधा चौथी किंवा सातवी. तिला पुस्तकातल्या नवऱ्याचे वागणे पटले नाही तर ती समासात पेन्सिलीने लिहून ठेवी. वाचनालयाच्या जुन्या पुस्तकांत अशा नोंदी मी पाहिल्या आहेत. एका ठिकाणी नुसते 'मेला' एवढेच लिहिलेले होते, आणि त्या पानावरचा प्रसंग वाचल्यावर त्यात एक अक्षरही बदलावेसे वाटले नाही.

ह्या वाचनाने काय दिले? सगळे चांगलेच दिले असे मी म्हणणार नाही. पुष्कळ कादंबऱ्या घाईच्या होत्या. आरंभी उभी केलेली बाई मध्येच विसरली जाई, योगायोगाने गाडी पुढे ढकलली जाई, आणि ज्या स्त्रीने थोडे मनासारखे केले तिला शेवटी शिक्षा होई. हा शेवटचा दोष मला अधिक खुपतो. वाचणारीला आधी चटक लावायची आणि मग तिला धडा शिकवायचा, ही त्या साऱ्या धंद्याची युक्ती होती. कोणा एका लेखकाची नव्हे. आपल्याच भागातल्या, वाशिमला १९०७ साली जन्मलेल्या गीता साने ह्यांनी 'निखळलेली हिरकणी'सारख्या कादंबऱ्या १९३६ च्या सुमारास लिहिल्या आणि त्यांत स्वतःच्या मनाने जगू पाहणारी स्त्री उभी केली. त्यांना भाड्याच्या दुकानातून फारशी मागणी नव्हती. धीट पुस्तक आणि खपणारे पुस्तक एक क्वचितच असते.

पण दुसरी बाजूही आहे. नवऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाचे मन कसे असते, शहरात एकटी बाई कशी राहते, फसलेल्या मुलीचे पुढे काय होते, बाईला इच्छा असते की नाही, हे प्रश्न घरात तोंडातून काढायची सोय नव्हती. ते पुस्तकात, वाईट का होईना, विचारलेले सापडत. आणि वाचायची सवय लागली. रोज दुपारी सव्वाशे पाने उरकणाऱ्या बायकांच्या हाती पुढे एखाद्या दिवशी 'धग' पडली, ती वाचनालयवाल्याने 'शेळक्यांचीच आहे' म्हणून दिली. त्यांनी ती प्रेमकथा समजून नेली आणि घरी जाऊन कौतिकला भेटल्या. समीक्षेच्या लेखांनी 'धग'चे वाचक किती वाढवले हे मला ठाऊक नाही, पण त्या दुपारच्या वाचणारणींचा वाटा त्यात होता, हे मी आमच्या पिढीच्या साक्षीने सांगते.

माझे मत असे आहे की, शंभर पुस्तके लिहिणारा शेळके आणि 'धग' लिहिणारा शेळके ही दोन माणसे नव्हेत. कौतिकचे सारे दुःख कशाचे आहे? हातात कसब असूनही घर चालत नाही, ह्याचे. शिंप्याच्या घरात सुई आहे, यंत्र आहे, आणि तरी संध्याकाळच्या पिठाची भ्रांत आहे. हे ज्याने लिहिले त्याने पुढे स्वतःची लेखणी शिंप्याच्या यंत्रासारखी चालवली. येईल ते गिऱ्हाईक घेतले, मापाप्रमाणे शिवून दिले, आणि घर चालवले. महादेवने जे केले नाही ते त्यांनी केले. त्यात एखाद्या-दुसऱ्या 'धग'ला जागा राहिली नाही, हे नुकसान झालेच. त्याचा दोष मात्र त्यांच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही. कापसाच्या पैशावर ज्या वऱ्हाडात वाडे उभे राहिले, गिरण्या चालल्या, त्या वऱ्हाडाला आपल्या एका लेखकाला दोन वर्षे निवांत बसवून दुसरी कादंबरी लिहू देणे परवडले नाही. हे वाक्य लिहिताना माझा हात जरा जोरात चालला आहे, पण ते तसेच राहू द्यावे, अशी संपादिका बाईंना विनंती आहे.

अमरावतीत त्याच काळी सुरेश भट आणि मधुकर केचे हेही लिहीत होते. तिघेही वयाने एकमेकांच्या आगेमागे, १९३१-३२ सालचे. भटांच्या गझला लता मंगेशकरांच्या आवाजात महाराष्ट्रभर गेल्या. गाण्याला पाय असतात. कादंबरीला पाय नसतात. ती कोणीतरी हातात धरून न्यावी लागते.

१९८४ साली दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली, १९८७ साली 'रामायण' आले, आणि दुपारचे व रात्रीचे ते दीड-दोन तास हळूहळू पडद्याकडे गेले. भाड्याची दुकाने एकेक करून झेरॉक्सची, मग मोबाइलची झाली. शेळके ह्यांच्या अखेरच्या वर्षांत हा बदल चालूच होता. ज्या वाचणारणीच्या भरवशावर त्यांनी नोकरीशिवाय संसार मांडला होता तिने दुसरीकडे पाहायला सुरुवात केली होती. त्यात तिचाही दोष नाही. मालिकेत तिला तीच गोष्ट, बसल्या जागी आणि भाजी निवडता निवडता मिळत होती. आजच्या मालिका पाहणाऱ्या सुनांनी ही जुनी पुस्तके उघडली तर त्यांना पुष्कळ प्रसंग ओळखीचे वाटतील.

ही पुस्तके स्वस्त कागदावर छापलेली. कागद पिवळा पडतो, कोपरे तुटतात, शिवण सुटते. 'धग'च्या नव्या आवृत्त्या निघतात आणि निघत राहतील. बाकीची पुस्तके मात्र वाचनालयांनी 'जीर्ण' असा शिक्का मारून काढून टाकली, आणि घराघरांतल्या प्रती माळ्यावरून थेट रद्दीवाल्याच्या तराजूत गेल्या. आपल्या मंडळाच्या कपाटातही अशी काही पुस्तके आहेत, आणि जागा करण्यासाठी ती काढावीत असा विषय मागच्या सभेत निघाला होता. माझे म्हणणे एवढेच की, काढण्यापूर्वी त्यांची यादी करावी: पुस्तकाचे नाव, प्रकाशक, साल, किंमत, आणि समासात कोणी काही लिहिले असेल तर तेही उतरवून घ्यावे. ज्या भगिनींच्या घरी, मग त्या अमरावतीच्या असोत की अकोल्याच्या, शेळके ह्यांची अशी पुस्तके असतील त्यांनी ती आणून दाखवावीत. पुस्तक ठेवून घेणार नाही. नोंद करून लगेच परत देऊ. कव्हर फाटलेले असले तरी चालेल, पहिले पान मात्र शाबूत हवे. मंडळाचे कपाट मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते पाच उघडे असते.